ट्रकमध्ये बसेल असं कॅबिनेट

आई गेल्यावर लोकांनी मला बरंच काही करायला सांगितलं. कुणी योगासनं सांगितली, कुणी डायरी लिहायला सांगितली, एका आत्याने तर सरळ लग्नच सांगितलं. सुटे भाग आणून गेमिंगचा कॉम्प्युटर घरी जोड, असं मात्र कुणी म्हणालं नव्हतं. मी सगळ्यांचं ऐकून घेत होते, कारण वाद घालण्याइतकंही मला काही वाटत नव्हतं. दाढ काढताना हिरडीत इंजेक्शन देतात, मग गाल असतो पण आपला वाटत नाही. तसं माझं सगळंच झालं होतं.

कोलकात्याच्या न्यू टाउनमधल्या ऑफिसात माझं काम बिनचूक चाललं होतं, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही. एकदा जेवताना शेजारचा सहकारी त्याच्या नव्या ग्राफिक्स कार्डाबद्दल बोलत सुटला, आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदा मी कुणाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं. घरी येऊन त्यावरचे व्हिडिओ बघत बसले. हा प्रोसेसर घेतला तर तो मदरबोर्ड चालत नाही. हे कार्ड घ्यायचं तर वीजपुरवठ्याचा डबा मोठा लागतो. प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं, आणि ते दहा जणांनी तपासलेलं होतं. आईच्या वेळी हॉस्पिटलात आम्ही विचारलेल्या एकाही प्रश्नाला असं उत्तर मिळालं नव्हतं.

तशी मी काही मोठी खेळाडू नव्हे. कॉलेजात मैत्रिणीच्या मशीनवर खेळायचे, तेवढंच. आमच्या घरी असलं मशीन येणं शक्यच नव्हतं. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे दर काही वर्षांनी बदली, आणि बदलीच्या घरात कुठलीही वस्तू घेताना ती ट्रकमध्ये टिकेल का हे आधी बघतात; घरात किती टिकेल ते नंतर. काचेचं काही घ्यायचं नाही. मिक्सरपासून टीव्हीपर्यंत सगळ्यांची खोकी थर्मोकोलसकट माळ्यावर. पाहुण्यांना ते माळे बघून हसू यायचं. आई म्हणायची, हसू देत, त्यांना कुठे जायचंय.

कोलकाता ही बाबांची शेवटची बदली. बालीगंजचा भाड्याचा फ्लॅट, आणि काही महिन्यांवर आलेली निवृत्ती. नाशिकला त्यांनी आणि आईने घर घेऊन ठेवलं होतं. आईच्या माघारीही बाबा बोलायला लागले की सुरुवात ठरलेली, ‘आपण नाशिकला गेलो की’. त्या ‘आपण’मध्ये मी होते. माझ्या कंपनीचं नाशिकलाही ऑफिस आहे, माझी बदली होऊन जाईल, असं ते नातेवाइकांना परस्पर सांगून मोकळे झाले होते. मी अर्जच केला नव्हता. मला जायचं नव्हतं. त्याला काही थोर कारण नव्हतं. मला आता कुणी उचलून दुसरीकडे ठेवू नये, इतकंच वाटत होतं. पण मी समोर बसल्याशिवाय बाबा रात्री जेवत नसत. नाशिकच्या त्या घरात ते एकटे काय करतील, हे मला न सांगता दिसत होतं. म्हणून मी गप्प होते, आणि ते विचारत नव्हते. असल्या गोष्टी आमच्या घरात आईमार्फत व्हायच्या.

मी मशीन जोडायचं ठरवलं तेव्हा बाबांनी विरोध केला नाही. उलट शनिवारी इथल्या चांदनी चौकातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात माझ्याबरोबर आले, खिशात मेजरिंग टेप घेऊन. मी प्रोसेसर, रॅम, कार्ड मागत होते. त्यांनी एकच खातं स्वतःकडे घेतलं होतं, कॅबिनेट, म्हणजे हे सगळे भाग ज्यात बसवायचे तो डबा. दुकानदार एका बाजूला काच असलेली, आतून दिवे लागणारी मोठी कॅबिनेटं पुढे करत होता, आणि बाबा एकेकाला नाकारत होते, अगदी मुलीसाठी आलेली स्थळं नाकारावीत तसे.

‘ये ट्रक में जाएगा?’ त्यांनी विचारलं.

‘ट्रक में क्यों जाएगा, दादा?’ दुकानदार खरंच गोंधळला. ‘घर में रहेगा ना.’

शेवटी बाबांना हवं तसं मिळालं. लहानसं, चारी बाजूंनी पत्र्याचं, वर धरायला मूठ असलेलं. त्यांनी टेप लावून लांबी, रुंदी, उंची बघितली आणि मान हलवली. मी पैसे दिले. कॅबिनेटने खेळात काय फरक पडतो, असा माझाही समज होता. टॅक्सीत सगळी खोकी आम्ही मांडीवर घेऊन आलो.

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर जुन्या चादरीवर सगळं मांडलं. बाबांनी चष्मा लावून मदरबोर्डचं पुस्तक वाचायला घेतलं आणि मध्येमध्ये मला सूचना केल्या, ज्यांतल्या निम्म्या चुकीच्या होत्या. प्रोसेसर बसला. रॅम बसली. बाबांनी मोबाइलचा उजेड धरला आणि मी कार्ड आत सरकवलं. ते गेलं नाही. तिरकं करून बघितलं, पुढचा पंखा काढून बघितलं. कार्ड दोन बोटं जास्त लांब होतं. आठवडेच्या आठवडे मी प्रत्येक गोष्ट दुसरीशी जुळवून पाहिली होती, फक्त हे सोडून. कॅबिनेट आम्ही बाहेरून मोजलं होतं, ट्रकच्या बाजूने. आतून मोजायचं दोघांनाही सुचलं नव्हतं.

‘कार्ड बदलून लहान घे,’ बाबा म्हणाले.

‘नको. कॅबिनेट मोठं घेते.’

‘अगं, मोठं ट्रकमध्ये कसं जायचं? दुकानात तो काच दाखवत होता. नाशिकपर्यंत तुकडे होतील तिचे.’

‘ते नाशिकला जाणार नाहीये, बाबा.’

त्यांनी मोबाइलचा उजेड बंद केला. मी हातातलं कार्ड खोक्यात ठेवलं, त्यावरची पिशवी नीट केली. आता काहीतरी वाटेल, निदान भीती तरी, म्हणून मी वाट बघत होते. आलं नाही काही.

‘आणि तू?’

‘मी पण नाही.’

बाबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते चिडले नाहीत. स्क्रू आकाराप्रमाणे वेगळे करत बसले. मग खाली बघतच म्हणाले, ‘तुला तिकडे बरं पडेल, आपली माणसं आहेत, असं तुझ्या आईचं म्हणणं होतं. म्हणून मी ते लावून धरलं होतं. मला तिकडे काय करायचंय.’

मी म्हटलं, ‘मला वाटलं तुम्हाला जायचंय.’

‘मला कुणी विचारलं कधी?’ ते म्हणाले. तक्रार नव्हती त्यात. ‘ऑर्डर आली की निघायचं. ही पण ऑर्डरच समजलो मी.’

खालून रद्दीवाल्याची हाक गेली. बाबांनी एक स्क्रू उचलला, परत ठेवला.

‘मग मी इथे राहिलो तर चालेल का?’ त्यांनी विचारलं. ‘भाडं आपण वाटून घेऊ. तुझ्या मध्येमध्ये येणार नाही मी.’

आयुष्यभर मी त्यांच्या घरात राहिले होते, आणि ते मला विचारत होते.

‘चालेल,’ मी म्हणाले.

‘नक्की ना? नाहीतर आत्ताच सांग. मला एकट्याने जेवायची सवय करावी लागेल.’