पलीकडची विहीर

सातवीच्या भूगोलात नदीच्या नागमोडी वळणाची आकृती होती. वळणाच्या बाहेरचा काठ नदी कापते आणि आतल्या काठावर गाळ टाकते. परीक्षेत मी ती आकृती इतकी सुबक काढली होती, की बाईंनी माझा पेपर वर्गभर फिरवला. पुढे आपलं लग्न बाहेरच्या काठावरून आतल्या काठावर होणार आहे, हे मात्र पुस्तकात कुठं दिलं नव्हतं.

माहेर आणि सासर दोन्ही शिरोळ तालुक्यात, मध्ये फक्त कृष्णा. नावेनं गेलं तर समोरासमोर, एसटीनं जायचं तर जयसिंगपूरला गाडी बदलून अर्धा दिवस घालवायचा. स्थळ आलं तेव्हा आई कुरकुरली, पण आबा, म्हणजे माझे वडील, जाम खूश होते. "पोरगी नजरंसमोर ऱ्हाईल की," म्हणाले. "विहिरीवर हुबा ऱ्हाऊन टावेल हालवला की झालं." हे ९४ सालातलं.

लग्नानंतर सासूबाईंबरोबर पहिल्यांदा रानात गेले आणि पलीकडे बघून गोंधळूनच गेले. सासूला आमच्याकडं आत्ती म्हणतात. आत्ती म्हणाली, "ती बघ तुझ्या बाची विहीर." मला ती सापडेना. जन्मभर ज्या काठावरून मी नदी बघितली तो काठच आता समोर होता, आणि डावीकडची चिंच उजवीकडे गेली होती. मग विहिरीच्या कडेला कुणीतरी टॉवेल हलवताना दिसलं, तेव्हा सगळं जागेवर बसलं. मी पदर हलवला. आत्ती हसली, म्हणाली, "लई लाडाची दिसतीस."

ती विहीर आजोबांनी घडीव दगडात बांधलेली. विहीर आणि नदी यांच्यामध्ये माझ्या लहानपणी उसाचा आख्खा फड होता. मी लग्न होऊन निघाले तेव्हा तिथं बाभळींची एक रांग उरली होती. दर पावसाळ्यात काठाचा एखादा तुकडा धप्पकन पाण्यात बसायचा, आणि दिवाळीच्या सुमाराला पाणी उतरलं की आमच्या बाजूला मळीचं रान थोडं पुढं सरकलेलं असायचं. मळी म्हणजे पुरानं आणून टाकलेला गाळ. नांगर न घालता त्यात वांगी लावायची, आणि ती अशी यायची की बाजारात गिऱ्हाईक आधी आमच्या पाट्यांकडं वळायचं.

मी ती वांगी तोडायची आणि पलीकडं बघायची. बाभळी कमी होत होत्या. ही माती आबांची, की कुणाची? नवऱ्याला विचारलं तर तो वैतागला. "माती काय नाव लिवून येती व्हय? कोयनेपासनं व्हावत येती ती. तुझ्या बाचीच कशावरनं?" बरोबरच होतं त्याचं, आणि म्हणूनच मला त्याचा राग आला. मग आत्तीचा आला, मग नदीचा. शेवटी नेमका कुणाचा राग येतोय तेच कळेना, तेव्हा गुमान पाटी उचलून घरी आले.

सगळ्यात पंचाईत व्हायची ती ओटीच्या दिवशी. नवं पाणी आलं की गावच्या बायका घाटावर जाऊन नदीची ओटी भरतात. हळदीकुंकू, खण, नारळ. आत्ती नदीशी बोलायची ती शेजारणीशी बोलावं तशी, मोठ्यांदा. "आई, भरल्या अंगानं ये आनि माझं रान भरून जा." मग माझी पाळी. हातात नारळ, आणि तोंडाला कुलूप. 'ये' म्हणावं तर बापाची विहीर स्वतःच्या हातानं ढकलल्यासारखं. 'नको येऊस' म्हणावं तर ज्या घरचं खाते त्याच्या ताटात माती कालवल्यासारखं. मी दरवर्षी मनातल्या मनात एवढंच म्हणायची, तुझं तुला कळतंय. आणि नारळ सोडून द्यायची.

२००५ च्या महापुरात आम्ही गुराढोरांसकट उंचावरच्या शाळेत जाऊन राहिलो. पाणी उतरल्यावर सगळे रानाकडं धावले. मी पलीकडं बघितलं आणि पुन्हा पहिल्या दिवसासारखी गोंधळले. विहीर होती, पण काठ नव्हता. भोवतालची सगळी माती गेली होती आणि विहिरीचा तो दगडी गोल पाण्यात एकटा उभा होता, अंगणात विसरलेल्या रांजणासारखा. जमिनीत असते ती विहीर. हिला आता काय म्हणायचं?

आमच्या बाजूला गुडघाभर मळी साचली होती. आत्ती त्यात हात घालून म्हणाली, "लोण्यावानी हाय बघ." मीही हात घातला. खरंच लोण्यासारखी होती. मला बरंही वाटलं आणि रडूही आलं, आणि त्यातलं कुठलं खरं ते मला आजही सांगता यायचं नाही.

भोगीच्या आदल्या दिवशी आबा नावेनं आले, संक्रांतीचं वाण घेऊन. चहा पिऊन थेट रानात गेले. वांगी लगडली होती. ते खाली बसले, मातीचं ढेकूळ उचललं, चुरलं, नाकाशी नेलं. मला वाटलं, आता म्हणतील, ही आमची. ते म्हणाले, "ब्येस हाय." मग आत्तीकडं बघून जरा चाचरत विचारलं, "विहीणबाई, भोगीला चार वांगी न्हेऊ काय?"

या माणसानं आख्ख्या गल्लीला बैलगाडीतून वांगी वाटली होती.

"इचारताय काय पावणं?" आत्ती म्हणाली. "तुमच्याच रानाची हाईत की!"

टोमणा होता की माया? आत्तीच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. आबा मोठ्यांदा हसले, ते का हसले तेही कळलं नाही. तिनं त्यांचा टॉवेल पसरून गच्च भरला, आणि नाव पलीकडं लागेपर्यंत काठावर उभी राहिली.

पुढच्या पावसाळ्यात आम्ही ओटीला गेलो. विहिरीच्या मागं, नव्या कडेवर, आबा टॉवेल हलवत होते. त्यांच्या पाठीमागं आता रानाची फक्त एक पट्टी उरली होती आणि मग घर. आत्तीनं कुंकू वाहिलं, नेहमीच्याच मोठ्या आवाजात म्हणाली, "आई, आमचं प्वाट भरलं बग. औंदा पलीकडं हात लावू नगंस."

मी बघतच राहिले. इतकी वर्षं जे माझ्या ओठावर येत नव्हतं ते ती सरळ बोलून मोकळी झाली होती. आता माझी पाळी. हातात नारळ. माझं मागणं तर मागून झालं होतं, आणि आमच्या रानासाठी कुणीच काही मागितलं नव्हतं. पाणी पायाशी आलं तशी मी घाईघाईनं पुटपुटले, "आई, आमच्या रानाकडं बी बघ."

आत्तीनं मान वळवली. "काय मागितलंस गं?"

"काय न्हाय," मी म्हटलं. "चला आत्ती, भाकऱ्या व्हायच्यात अजून."