नळीतलं घर

त्या दिशी मी वळचणीची जळमटं काढत व्हते. गाडी दारात आली, बंद झाली, पर म्हादू खाली उतरंना. मी म्हणलं, "काय रं, बसलास का तसाच?" तर माझं पोरगं स्टेरिंग धरूनच म्हणलं, "आये, सांगलीचं अण्णा गेलं गं." हातातली केरसुणी हातातच ऱ्हायली... त्याला आता दीड म्हयना व्हत आला. मला लिवता येत न्हाई. मी सांगती, नात लिवून घेती.

अण्णा म्हंजी जैनाचं. सांगलीच्या अलीकडं रस्त्याला त्यांचं गॅरेज. आमच्या नात्यागोत्याचं न्हाईत. पर माझं पोरगं माझ्या दारात ऱ्हायलं त्ये त्या माणसामुळं.

माझं माहेर माण तालुक्यातलं. तिकडं घरटी बाप्ये मुंबईला. माझा बाप वरसात दोन बारीला यायचा, तवा आमी लेकरं त्येला बुजून आईच्या मागं दडायचो. ह्यो कोण म्हणून. लगीन करून कडेगावाकडं आले तवा वाटलं, सुटले त्यातनं. मालकांची जुनी जीप व्हती, वडाप करायचं, शिटा भरून गावोगाव सोडायचं. रोज सांजच्याला माणूस घरी. मला दुसरं काय नगं व्हतं. पर मालक धा दिसाच्या आजारात गेलं. गाडी चार म्हयनं छपरात उभी ऱ्हायली. मग म्हादूनं काढली, बाविशीचा व्हता तवा. आन् गाडी तेल गळायला लागली.

गळायला म्हंजी कशी? आज म्होरनं, उद्या मागनं. सायलेन्सरवर तेल पडून धूर व्हायचा, बसलेली माणसं खोकत उतरायची. तीन मिस्त्री झालं. ज्येनं त्येनं सांध्यातलं वायलं पॅकिंग बदललं. एक जागा बंद केली की दुसरी सुरू. शेवटचा म्हणला, "मावशे, हिचं मीटर कवाच मेलंय, किती पळलीया कुणाला ठावं? भंगारात घाला." वाटंत तेल संपून इंजन जाम व्हईल म्हणून म्हादूनं गाडी उभी केली. ऊन-पाऊस खात वीस दीस तशीच. माझ्या भावाचा मुंबईनं निरोप आला, भाच्याला लावून दे. म्हादूनं पिशवी भरून खुंटीला लावली. बोलून कोण थांबतं? मी नुसतं रोज सकाळी उठून रॉकेलच्या फडक्यानं त्ये इंजन पुसायची. गल्लीतल्या बाया हसायच्या. "इंजन सारवायचं तेवढं ऱ्हायलंय बघ."

म्हादूनं कुणाकडनं तरी अण्णांचं नाव ऐकलं. गाडी तिथवर जाईना, तर अण्णाच एसटीनं आलं. बघते तर पांढरा लेंगा, पांढरा शर्ट, पांढरी टोपी. मी मनात म्हणलं, ह्यो कसला मिस्त्री, ह्यो तर देवळात निघालाय. त्यांनी बॉनेट उघडलं आन् इचारलं, "ह्ये कुणी पुसलं?" मी भीत भीत म्हणलं, "मीच." तर म्हणालं, "वैनी, आर्धं काम तुमीच केलंय. घाणीत गळती सापडत न्हाई."

मग त्यांनी पावडर मागितली. लेकराला लावायची पावडर! लेकीच्या बाळंतपणातला डबा व्हता, त्यो दिला. अण्णांनी तळहातावर घेऊन फुंकून फुंकून सगळं इंजन पांढरं केलं. गाडी चालू केली आन् म्होरं पाटावर बसलं. आवं, काय त्यो माणूस बसला! तासभर पापणी हलली न्हाई. म्हादू चुळबुळ करत व्हता. अण्णा मला म्हणालं, "वैनी, तुमीबी बघा. तुमी तांदूळ निवडताय, तुमची नजर बारीक." मी बसले. आन् दिसलं की मला! पांढऱ्यात एक टिकलीएवढा काळा ठिपका उठला, मग दुसऱ्या जागी, मग तिसऱ्या.

"तीन," मी म्हणलं.

"तीन," अण्णा म्हणालं. "एका जागी गळालं आसतं तर पॅकिंगाचा दोष. तीन जागी गळतंय म्हंजी पॅकिंगं बिचारी बरी हायत. आतनं कोणतरी ढकलतंय." आन् त्यांनी तेल वततात त्ये वरचं टोपण काढलं. भसकन धूर आला. त्यांनी त्याच्यावर तळहात धरला, डोळं मिटलं आन् म्हणालं, "ह्येचा श्वास कोंडलाय."

इंजनाच्या वरनं एक रबराची नळी खाली सोडलेली आसती, आतली वाफ भाईर जायाला. तीन मिस्त्र्यांपैकी एकानंबी ती बघितली नव्हती. अण्णांनी वाकून तिचं तोंड चाचपलं. मातीनं बंद! कुंभारीण माशीनं घर केलं व्हतं. चार म्हयनं गाडी उभी व्हती तवाचं आत कडक झालेलं, आन् आताच्या वीस दिसांतलं नवं तोंडाशी.

म्हादूनं पेचकस उचलला, माती टोकरायला. तर अण्णा वराडलं, "थांब रं!" तेवढाच एकदा त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला. "माती ओली हाय. आत जीव हाय."

"अण्णा, माशी हाय ती."

"तुझी गाडी चालली पायजे का?"

"व्हय."

"मग चालंल. तिचंबी चालू दे."

त्यांनी नळीच सोडवली, दोनी हातांनी माझ्या हातात दिली. बाळतिणीकडनं लेकरू घ्यावं तशी मी घेतली, वळचणीला ठेवली. अण्णांनी पिशवीतली दुसरी नळी कापून बसवली. इंजन पुसलं, परत पावडर फुंकली, गाडी चालू. आमी तिघं बघत बसलो. दीस कासराभर ऱ्हायला तरी इंजन पांढरं त्ये पांढरंच... आन् अण्णांचा शर्टबी! त्येवढ्या तेलात हात घालून एक डाग न्हाई. मी तोंडावर पदर धरून बघतच ऱ्हायले.

दीस मावळल्यावर त्ये जेवायचं न्हाईत. मी घाईनं भाकरी टाकली. कांदा चालत न्हाई, लसूण न्हाई, बटाटा न्हाई. मी म्हणलं, "मग खाता तरी काय आवं?" म्हणालं, "बायकोची बोलणी." लय दिसांनी घरात कोणतरी हसलं. म्हादूनं खुंटीवरची पिशवी काढली आन् त्यातली कापडं वलणीवर टाकली. मी चुलीकडं तोंड केलं.

पंधरा-वीस दिसांनी नळीच्या मातीला बारीक भोक पडलेलं दिसलं. म्हादूनं गॅरेजात जाऊन सांगितलं, तर अण्णा हातातलं काम थांबवून म्हणालं, "गेली व्हय? बरं झालं." पुढं कवाबी भेटलं की पयलं इचारायचं, "वैनी, गळती?" मी म्हणायची, "न्हाई."

ती जीप मागंच मोडीत गेली, आता दुसरी हाय. नळी वळचणीलाच हाय. परवा नात छपराखाली झाडत व्हती. म्हणली, "आज्जे, ह्यो रबराचा तुकडा टाकू का? माती भरलीया नुसती." मी तोंड उघडायच्या आत म्हादू गाडीखालनं वराडला, "थांब गं!"

पोरगी दचकली. मी म्हादूकडं बघितलं. त्यो भाईर आला, हात पुसलं, बोटानं हळूच ती माती चाचपली... ओली व्हती.