विहिरीवरचा फेस

पेठ तालुक्यातल्या त्या पाड्यावर पिण्याच्या पाण्याची विहीर एकच, आणि तिचा राखणदार गोटीराम. १९७३च्या पावसाळ्यात पटकीच्या साथीने पाड्यावरची पाच माणसं नेली. त्यात गोटीरामची चार वर्षांची मुलगी होती. पुढे ग्रामपंचायतीने विहिरीवर माणूस नेमायचं ठरवलं, तेव्हा कुणी विचारायच्या आधीच तो उठून उभा राहिला.

काम त्याने जीव ओतून केलं. ठरल्या वारी पाण्यात औषधाची पावडर टाकायची, कठडा घासायचा, पालापाचोळा काढायचा. चप्पल घालून कुणी पायरी चढलं, तर अख्ख्या पाड्याला ऐकू जाईल असा तो बोले. "त्याचं लगीन विहिरीशी लागलंय," त्याची बायको चांगुणा पाण्याला आलेल्या बायकांना सांगायची, "मी नुसती भाकरीपुरती."

विहिरीवर एक जुनं जांभळाचं झाड वाकलेलं होतं. आषाढ लागला की पाण्यावर झुकलेल्या त्याच्या पानांना पांढऱ्या फेसाचे गोळे लटकत. मुठीएवढे, साबणाच्या फेसासारखे. पाड्यावर त्याला भुताची थुंकी म्हणत. भुताचं गोटीराम फारसं मनावर घेत नसे. पण थुंकी कुणाचीही असो, ती पिण्याच्या पाण्यात पडता कामा नये, एवढं त्याला कळत होतं. लांब बांबूला विळा बांधून तो एकेक गोळा पानासकट उतरवी आणि शेणीच्या विस्तवावर जाळून टाकी. दहा पावसाळे हे चाललं. एक गोळा त्याने सोडला नाही, आणि पाड्यावर पटकीही पुन्हा आली नाही.

त्याच दिवसांत त्याला आणखी एक गोष्ट दिसे. दिवस मावळताना जांभळावरून काहीतरी हिरवं सुटायचं आणि अंग पसरून तिरपं पलीकडच्या उंबरावर जाऊन टेकायचं. पंख नाहीत, आवाज नाही. क्षणभर तांबडं काही झळकायचं, बस. मुलगी गेली त्याच आषाढात त्याला ते पहिल्यांदा दिसलं होतं. तेव्हापासून ते दिसलं की तो हात जोडायचा. का, ते त्याने चांगुणालाही कधी सांगितलं नाही. पुढे पुढे ते कमी होत गेलं. ८२ साली दोनदाच दिसलं. ८३चा अख्खा पावसाळा तो मान वर करून बसला, पण काही आलं नाही.

८४च्या आषाढात झाडाला फेसाचा एकच गोळा होता. गोटीरामने तो उतरवून विस्तवाकडे नेला, तेवढ्यात शाळेच्या लताबाई पाण्याला आल्या. नाशिकच्या; त्याच वर्षी बदलून आलेल्या.

"बाबा, जाळू नका. मला द्या तो, मुलांना दाखवते."

"थुंकी काय दाखवायची, बाई? शाळेत दुसरं काय शिकवाया नाय का?"

बाई हसल्या. त्यांनी घमेल्यात पाणी घेतलं, गोळा त्यावर धरला आणि काडीने फेस हलकेच उकलला. आतून काळे ठिपके पाण्यात पडले आणि शेपट्या हलवत चहूकडे पांगले. गोटीराम वाकला.

"हे बेडकाचं हाय?"

"झाडावरच्या बेडकाचं. पाण्यावरच्या पानाला घरटं करतो, म्हणजे पिल्लं खाली नीट पाण्यात पडतात. हिरवागार असतो. बोटांच्या मधे तांबडी कातडी. ती ताणून या झाडावरून त्या झाडावर तरंगत जातो म्हणे. मी कॉलेजात बाटलीतलाच पाहिला. तुम्ही इथे कधी पाहिलाय, बाबा?"

गोटीराम पायरीवर बसला. त्याची नजर विस्तवावर होती.

"एका गोळ्यात किती असत्यात?" त्याने विचारलं.

"शंभर तरी असतील."

त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या सकाळी त्याने विहिरीपासून थोडं बाजूला, जांभूळ आणि उंबराच्या मधे खड्डा खणला, सांडपाण्याचा पाट त्यात वळवला आणि बाईंकडून आणलेलं घमेलं अलगद रिकामं केलं. मग जांभळाची पाण्यावरची फांदी कापायच्याऐवजी दोरीने ओढून खड्ड्याकडे वाकवून बांधली.

"आता डबक्याशी दुसरं लगीन का?" चांगुणा म्हणाली.

तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं. हात का जोडायचो, आणि त्याच हातांनी काय जाळत होतो, तेही. चांगुणाने शेजारी बसून दोरीची सैल गाठ पुन्हा आवळली.

८५ साली काही दिसलं नाही. ८६च्या आषाढात बांधलेल्या फांदीला, खड्ड्याच्या बरोबर वर, फेसाचा एक गोळा लटकला. चौथ्या दिवशी, मावळतीला, जांभळावरून काहीतरी हिरवं सुटलं, तांबडं झळकलं आणि उंबरावर टेकलं.

गोटीरामचे हात सवयीने वर आले. पण ते जुळेनात. तसेच, अर्धवट वर धरलेले, तो अंधार पडेपर्यंत बसून राहिला.