राजवाडा तेवढा राहिला

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, आणि ती पदवी मी घेऊ शकलो ती नाना गुरवांमुळे. बीडच्या मास्तरांनी मला शिकवले, निजाम सरकारने वजिफा देऊन विलायतेला धाडले, वडिलांनी पोटाला चिमटा काढला. या सर्वांचा मी ऋणी आहेच. पण नाना नसते तर मी पहिल्याच महिन्यात एडिंबऱ्याहून पळून लिंबागणेशला आलो असतो.

नाना परळीचे. वैजनाथाला आलेल्या यात्रेकरूंना देव दाखवणाऱ्या घराण्यातले. एका जहागीरदाराच्या मुलाबरोबर स्वयंपाकी म्हणून ते एडिंबऱ्याला गेले. मुलगा शिकून परतला, नाना तिथेच राहिले आणि आम्हा हिंदुस्थानी विद्यार्थ्यांच्या बिऱ्हाडात रांधू लागले. शनिवारी सकाळची भांडी आवरली की ते तांबडा फेटा बांधत, काखेत छत्री मारत आणि आम्हाला ते शहर दाखवायला निघत. देऊळ दाखवावे तसे ते शहर दाखवीत. दुसरी रीत त्यांना ठाऊकच नव्हती.

विद्यार्थ्यांना ते नावाने कधी हाक मारीत नसत, गावाने मारीत. त्यामुळे भर रस्त्यात, उंच टोप्या घातलेल्या साहेबांच्या गर्दीत, "ओ लिंबागणेश! फुटपाथ धर!" अशी आरोळी उठे आणि मी लाजेने लाल होई.

माझे पळून जायचे कारण साधे होते. मी शेतकी शिकायला गेलो होतो. "शेती शिकाया साता समुद्रापार कावून? शेत तर घरी हाय," असे वडील म्हणालेच होते. तिथल्या प्रोफेसरांचे इंग्रजी मला कळेना, माझे त्यांना कळेना. थंडीने बोटे वाकेनात. एके दिवशी मी ट्रंकेला दोरी बांधली. नाना कणकेच्या हातांनी दारात उभे राहिले.

"कुठं निघालास बे?"

"घरी. मला इथलं काही समजत नाही, नाना."

"मला तरी कुठं समजतं? म्हणून मी उपाशी हाय का?" मग आवाज उतरवून म्हणाले, "जा की. कोन अडवतंय? पर क्षेत्री आलेल्या मानसानं परिक्रमा पुरी केल्याबिगर गाव सोडू न्हाई. दोष लागतो. आदी गाव बघ, मग मीच तुला आगबोटीवर बसवतो."

आमचे घर देवभोळे. दोष म्हटल्यावर माझे पाय थबकले. ट्रंक तशीच बांधलेली ठेवून मी शनिवारची वाट पाहू लागलो.

पहिल्या शनिवारी किल्ला. उंच काळ्या खडकावर तो बसलेला. दारात पोचताच नाना म्हणाले, "जोडे काढ."

"नाना, सगळे जोडे घालून चाललेत."

"त्यांचं घर हाय. आपन पाव्हणे."

त्या ओल्या दगडांवरून मी मोजे घालून किल्ला चढलो. दारावर घोळदार चौकड्यांचा पोशाख केलेले शिपाई होते. त्यांच्याकडे बोट करून नाना म्हणाले, "हे हितले गोंधळी. पोटाशी धरून वाजवत्यात ती यांची सनई." मोठ्या तोफेपाशी ते म्हणाले, "ही आपल्या दौलताबादच्या मेंढा तोफेची धाकली बहीण." जुन्या काळी इथली राणी जिथे बाळंत झाली ती कोंदट खोली पाहून त्यांनी कपाळावर हात मारला. "पोटात दोन राज्यांचा राजा, आन बाळंतिणीला खोली बघा केवढी! आमच्या परळीत म्हशीला याच्याहून मोठा गोठा असतो." तेवढ्यात रोज दुपारी एकला उडवतात ती तोफ सुटली. मी खाली बसलो. नानांनी मात्र डोळे मिटून हात जोडले. "नैवेद्य पोचला," म्हणाले.

त्यांचा आवाज देवळातला, खणखणीत. मागे वळून पाहतो तर दोन म्हाताऱ्या मडमा आणि एक पाद्री आमच्या मागोमाग येत होते, नाना मान डोलावतील तिथे मान डोलावत होते. एक अक्षर कळत नव्हते त्यांना. किल्ला दाखवण्याच्या कामावर असलेला म्हातारा शिपाई संतापला. माणसे आमच्या मागे का येतात, असे त्याने दरडावून विचारले. नानांनी मला सांगितले, "त्याला म्हनावं, देव तुझा, पूजा तुझी. मी नुसते भाविक गोळा करून आनतो." मी जमेल तसे भाषांतर केले. म्हातारा एवढा हसला की त्याची टोपी पडली. पुढे तो दर शनिवारी नानांसाठी चहा राखून ठेवी.

त्या दिवशी किल्ल्याला खालून प्रदक्षिणा घालायची ठरली. निम्मी झाली, आगगाडीचे रूळ लागले आणि नाना माघारी वळले.

"पुरी नाही करायची?"

"खडक बघ की, पिंडीवाणी हाय. शंकराला पुरी प्रदक्षिना घालत्यात का? पन्हळ ओलांडायची न्हाई."

"ती पन्हळ नाही, नाना. रेल्वे आहे."

"वाहती हाय ना? मग झालं."

परतताना त्यांनी छत्री उताराकडे रोखली. "आता राजवाडा तेवढा राहिला. फुडच्या शनिवारी."

किल्ल्यापासून राजवाड्यापर्यंत सरळ उताराचा रस्ता आहे. वरून गाडगे सोडले तर गडगडत जाऊन राजवाड्याच्या फाटकाला टेकेल. पण नानांचा तो रस्ता कधी संपला नाही. पुढच्या शनिवारी वाटेत मोठे चर्च लागले. त्याच्या शिखरावर दगडी मुकुट. नाना म्हणाले, "हितला देव मुकुट बाहेर ठेवून आत झोपतो." चर्चच्या बाहेर फरसबंदीत दगडांचे हृदय बसवले आहे आणि गावचे लोक त्यावर थुंकतात. ते पाहून नाना अस्वस्थ झाले. "थुंकायचं न्हाई, पाया पन पडायचं न्हाई. वळसा घालून चल." त्या शनिवारी तो वळसा आम्हाला थेट बिऱ्हाडी घेऊन आला. मग मालकाच्या थडग्याशी बसून राहिलेल्या इमानी कुत्र्याचा पुतळा निघाला. "खंडोबाचंच हाय, वाट चुकलं," म्हणत नानांनी त्याच्यापुढे बिस्कीट ठेवले. मग टेकडी निघाली, मग टेकडीवरचे पडके देऊळ, मग त्या देवळाखालचे तळे, मग तळ्यातली बदके. बदकांचेही त्यांनी माहात्म्य सांगितले. आणि प्रत्येक वेळी शेवटी, "राजवाडा तेवढा राहिला."

दरम्यान थंडी अंगवळणी पडली. प्रोफेसरांचे बोलणे निम्मे कळू लागले, मग सगळे कळू लागले. एकदा पुस्तक काढायला मी ट्रंकेची दोरी सोडली ती पुन्हा बांधलीच नाही. नानांचा डाव माझ्या लक्षात आला तो फार उशिरा, आणि तोवर राजवाड्याची चौकशी मीच बंद केली होती. फक्त परीक्षेत एका विषयात नापास झालो त्या संध्याकाळी मी म्हणालो, "नाना, उद्या राजवाडा दाखवा." त्यांनी तव्यावरची भाकरी शांतपणे उलटली. "उद्या बंद हाय," म्हणाले. कुणाला विचारून म्हणाले, ते वैजनाथालाच ठाऊक.

निकाल लागला, पदवी मिळाली. नानांनी नवा फेटा बांधला आणि त्या दिवशी कुठेही न वळता आम्ही तो उतार उतरलो. फाटकाशी मी सवयीने जोडे काढले. पहारेकरी बघतच राहिला. नाना मात्र छत्री टेकून बाहेरच उभे राहिले.

"चला की आत."

"तू जाऊन ये. तुझी परिक्रमा पुरी झाली."

"आणि तुमची?"

"मी न्हाई बघितला राजवाडा."

"एवढ्या वर्षांत? एकदाही नाही?"

"बघितला आसता तर मला बी गाव सोडावं लागलं आसतं," नाना हसत म्हणाले. "आन जाऊ कुठं? परळीत आता मला कोन वळखनार? आईबाप गेले. अक्का तेवढी हाय, तिनं बी आशा सोडली आसंल. जा, जा आत. राजा वाट बघत आसंल."

मी आत गेलो. आरसे पाहिले, गालिचे पाहिले, राजांच्या तसबिरी पाहिल्या. माहात्म्य सांगायला कोणी नव्हते म्हणून एकही मनात राहिली नाही. बाहेर आलो तेव्हा नाना पहारेकऱ्याला मराठीत काहीतरी समजावीत होते आणि तो मान डोलावत होता. कबूल केल्याप्रमाणे त्यांनीच मला आगबोटीवर बसवले.

गावी पोचून महिना झाला तेव्हा मी त्यांना पत्र धाडले. ते असे:

"तीर्थरूप नानांस लिंबागणेशचा साष्टांग नमस्कार. मी सुखरूप पोचलो. माजलगावाकडे सरकारी शेतीवर नेमणूक झाली. वडिलांनी माझी नांगरट पाहिली आणि म्हणाले, ‘बरं हाय, इसरला न्हाईस.’ याहून मोठे प्रशस्तिपत्र मला विद्यापीठाने दिले नाही.

सोमवारी परळीस जाऊन आलो. तुमच्या नावाने बेल वाहिला. अक्का भेटल्या. त्यांना आता दिसत कमी. तुम्ही म्हणाला होता, कोण ओळखणार. मी तसे त्यांना बोलून दाखवले. त्या रागावल्या. म्हणाल्या, ‘त्याला म्हनावं, पायरीवरनं नुसता वरड. आवाजावरनं वळखते का न्हाई बघ.’ यात्रेकरूंना देव दाखवायची तुमच्या वाटणीची पाळी त्या अजून दुसऱ्याला देत नाहीत.

नाना, एवढी वर्षे तुम्ही मला थांबवले, म्हणून हे लिहिण्याचे धाडस करतो. येत्या शनिवारी भांडी आवरली की किल्ल्यावरच्या त्या म्हाताऱ्याला बरोबर घ्या, मध्ये कुठेही वळू नका, आणि राजवाडा पाहून घ्या. सगळा पाहा. एकही दालन बाकी ठेवू नका."