बाबांच्या ट्रकवरची धूळ पुसली

मंडळी, चार तास झाले, डोकं अजून फिरलेलंच आहे.

आज रत्नागिरीत छोट्या गाड्यांची मॉडेलं बनवणाऱ्या आम्हा हौशी मंडळींचं प्रदर्शन होतं. मी बाबांचा ट्रक ठेवला होता. बाबांनी हयातभर लांज्याच्या खाणीतून जांभ्याचे चिरे वाहिले, तोच ट्रक, वीतभर लांबीचा. बाजारातल्या तयार प्लास्टिक किटची केबिन कापून जुळवली. अपघातानंतर दुसऱ्या गाडीचा बसवलेला निळा दरवाजासुद्धा केला. आणि धूळ खरी! त्याच खाणीतली लाल माती फडक्यातून चाळून ब्रशने बसवली. वरून वार्निश मारलं नाही, कारण मारलं की धूळ ओली दिसते.

सकाळी ट्रक मांडून बाबांना आणायला घरी गेलो. परत येतो तर ट्रक चकाचक!

आयोजक हसत म्हणाले, "अहो, पाहुणे यायचे होते आणि तुमची गाडी केवढी घाण! ओल्या फडक्याने पुसून घेतली."

शी! मॉडेलांचं प्रदर्शन भरवणारा माणूस हा! माझी दोन महिन्यांची मेहनत फडक्याला पुसली आणि वर आभाराची अपेक्षा. पाहुणे तर फोटो काढून दोन मिनिटांत गेले. किळस आली मला त्या चकचकीतपणाची. तुम्ही काय बोलला असतात?

बाबांनी मात्र ट्रक नीट न्याहाळला. वाकून बोटाने तो निळा दरवाजा चाचपला.

"दरवाजा आपलाच हाय रं. पन ही गाडी कदी खाणीत गेलेली दिसत न्हाय."