रिकाम्या कॅमेऱ्यातला फोटो

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. वरठीला माझा फोटो स्टुडिओ आहे, बारा वर्षं लग्नाची कामं करतोय. मेमरी कार्डवर उतरलं ते आहे, नाही उतरलं ते नाही... मला एवढंच कळतं. पण दोन वर्षांपूर्वी आंबागडच्या एका लग्नात जे झालं, ते अजून पचलेलं नाही.

एप्रिल महिना, दुपारचं लग्न. नवरीला वैशाली म्हणू — खरं नाव लिहीत नाही. सोबत माझी बायको मनीषा होती. लॅपटॉप आणि अल्बमचं काम तिच्याकडे असतं. माझ्या कॅमेऱ्याला कार्डचा स्लॉट एकच. ६४ जीबीचं कार्ड त्या दिवशी हळदीआधीच 'एरर' दाखवून बसलं. उरलं ३२ चं, आणि मंगलाष्टकं संपता संपता तेही फुल! मी ते काढून मनीषाला दिलं. "लवकर कॉपी कर, रिकामं करून परत दे." ती मांडवाच्या बाजूला लॅपटॉप उघडून बसली.

तेवढ्यात नवरीच माझ्याकडे आली.

"दादा, आत चला जी. आई उठून बसली हाय. मंग नाई बसवनार तिले."

मावशींना, म्हणजे तिच्या आईला, कॅन्सर होता. लग्नाची घाईही त्याचमुळे. आत गेलो तर मावशी खाटेवर बसलेल्या, मागून एका बाईनं धरलेलं. अंग थरथरत होतं.

"काढ ना बाबू," मावशी म्हणाल्या, "कायची वाट पाहून राहिला?"

मला 'कार्ड नाही' म्हणवेना. माझा कॅमेरा कार्डाशिवायही क्लिक होतो, स्क्रीनवर क्षणभर फोटो दिसतो, पण साठत कुठेच नाही. मी दोनदा बटण दाबलं. मावशींचा हात लेकीच्या बाशिंगावर होता. कॅमेऱ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं, त्या तिच्याकडे बघत होत्या.

"निंगला का चांगला?"

"मस्त निघाला, मावशी."

खोटं बोललो. वाटलं, कार्ड हातात आलं की परत येऊ. आलोही, पण तोवर त्या झोपल्या होत्या. उठवायचा धीर झाला नाही.

लग्नानंतर अकराव्या दिवशी त्या गेल्या.

महिन्याभराने वैशाली नवऱ्यासोबत सासरहून, बपेऱ्याहून, स्टुडिओत आली. "अल्बम कधीबी द्या दादा, आईसंगचा तेवढा फोटो आज पायजे."

मी ही गोष्ट मनीषालाही सांगितली नव्हती. "ताई, त्या दिवशी..." एवढंच बोललो असेन, तर लॅपटॉपसमोरून मनीषा म्हणाली, "हाच ना? किती सुंदर आलाय!"

मंगलाष्टकांच्या शेवटच्या फोटोनंतर, त्याच फोल्डरमध्ये तो होता. एकच. बाशिंगावरचा हात, लेकीकडची नजर... जसं मी पाहिलं होतं तसंच. वैशाली स्क्रीनजवळ गेली आणि रडू लागली. मनीषानं प्रिंट काढून दिली.

ते गेल्यावर मी फाइल तपासली. फोल्डर लॅपटॉपवर तयार झालं एक वाजून पाचला. फोटोची वेळ एक वाजून बारा. म्हणजे क्लिक केलं तेव्हा कार्ड मनीषाजवळ लॅपटॉपला लागलेलं होतं — शिवाय पूर्ण भरलेलं. मनीषा शपथेवर सांगते, कॉपी होईपर्यंत ती जागची हलली नाही.

नागपूरला कॅमेरे दुरुस्त करणारा ओळखीचा माणूस आहे, लॅपटॉप नेऊन त्याला दाखवला. तो म्हणाला, "कॅमेऱ्याच्या बफरमध्ये, तात्पुरत्या मेमरीत, राहिला असन."

"राहू दे. पण तिथून लॅपटॉपमध्ये कसा गेला?"

त्याने फोल्डरची आणि फोटोची वेळ पुन्हा पाहिली. लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

माझं खोटं मात्र मला खात होतं. मावशींच्या बरसीला, म्हणजे वर्षश्राद्धाला, आंबागडला गेलो आणि वैशालीला बाजूला बोलावून सगळं सांगून टाकलं.

ती म्हणाली, "दादा, तुमी आईसंग खोटं बोलले, ते मी माफ केलं. पन फोटो खोटा हाय असं मले म्हनू नका जी."

मी म्हटलं नाही. फोटो खराच आहे, तिच्या घरी भिंतीवर लागलाय. तो आला कुठून, हे मला आजही सांगता येत नाही.