पावस रस्त्यावरचे तीन किलोमीटर

आमच्याकडे बाई रस्त्याने धावताना दिसली की लोकांना एकच प्रश्न पडतो: घरी कोणाला काय झालं? सप्टेंबरात मी मॅरेथॉनचा सराव सुरू केला तेव्हा पहिल्याच आठवड्यात चार गाड्या थांबल्या. एका मासेवालीने तर टोपली उतरवून माझा हात धरला. "रडू नको गो, होईल बरा सगळा." मी नुसती घामाने डबडबले होते.

सत्तेचाळिसाव्या वर्षी हे खूळ कशाला? तर मी हाती घेतलेलं काहीच तडीस नेत नाही, अशी माझी घरात ख्याती आहे. हार्मोनियम, शिवणक्लास, बाहेरून करायला घेतलेलं एम.ए., सगळं अर्ध्यावर. नवरा चिडवतो, मी हसते, पण ते मला लागतं. सरावाचं वेळापत्रक शेजारचे निवृत्त पी.टी. सर लिहून देत. त्यांनी अट घातली, "संक्रांतीच्या आत एकदा सलग तीस किलोमीटर करा. झाले तर फॉर्म भरा, नाहीतर पुढच्या वर्षी बघू." माझं पुढचं वर्ष म्हणजे काय, ते मला चांगलं ठाऊक होतं.

जानेवारीतल्या पहिल्या रविवारी पहाटे निघाले. पावस गावाच्या अलीकडच्या वळणापर्यंत पंधरा, परत पंधरा. हवा गार होती, आंब्याच्या कलमांना मोहोर आला होता, जाताना मजेत गेले. परतताना बाविसाव्या किलोमीटरला चुलत सासऱ्यांची स्कूटर शेजारी येऊन थांबली. वय पंच्याहत्तर, पायाशी फवारणीचा पंप. "सूनबाई, काय ही दशा! बस मागे, सोडतो." मी नको म्हटलं. "माझ्या गाडीवर बसायला लाज वाटते काय?" झालं! थोरल्या माणसाला भर रस्त्यात दोनदा नाही म्हणणं आमच्या रक्तात नाही. पंपाची नळी मांडीवर घेऊन तीन किलोमीटर गेले, भाट्याच्या पुलाशी काहीतरी थाप मारून उतरले आणि उरलेले पाच धावले.

अंतर मोजणाऱ्या मोबाइलला स्कूटर कळत नाही. त्याने पुरे तीस दाखवले, वर वेग वाढल्याबद्दल अभिनंदनही केलं. नवऱ्याने ते पाहिलं आणि कुंपणावरून सरांना हाक मारली, "सर, हिने केलं!" त्याच्या आवाजात माझ्याविषयी असा अभिमान मी कधी ऐकला नव्हता. दोन दिवस फॉर्म उघडत होते आणि बंद करत होते. तिसऱ्या दिवशी जेवताना नवऱ्याला स्कूटरचं सांगून टाकलं. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाला, "रविवारी परत जा. मी येतो."

आला तो मोटारसायकलवर, माझ्यापुढे शंभर पावलं. कोणी गाडी हळू केली की ओरडायचा, "काही झालेलं नाही हो! बायको आहे माझी, धावत्ये! थांबवू नका!" गोळपला चुलत सासरे भेटलेच. त्यांना त्याने लांबूनच हात जोडले. सत्ताविसाव्या किलोमीटरला माझ्या पोटऱ्यांत गोळे आले, या वेळी खरोखरच रडले, पण पाय थांबवले नाहीत.

दारात पोचले तेव्हा तो पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. मला माझाच अभिमान वाटत होता. पायरीवर बसून आधी फॉर्म भरला, मग पाणी प्यायले.